उन्हात न घातलेली गोधडी

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. राजाला विसरले, पण त्याने नेमलेल्या राखणबाईला लोक विसरले नाहीत. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

डोंगरांच्या मधोमध ते राज्य होतं. माणसं तशी बरी होती, पण एक वाईट खोड पडली होती. कुणाचे आईबाप गेले आणि मागे लहान लेकरं उरली, की तेरावा होईपर्यंत घर झाडून निघायचं. हंडा मामाच्या घरी, बैल चुलत्याच्या गोठ्यात, पाटा-वरवंटा शेजारणीच्या ओसरीवर. पोर मोठं होऊन विचारायला जाई, तोवर हंड्याला पोचे आलेले असत आणि बैल म्हातारा झालेला असे. वर सगळे म्हणत, अरे, आम्ही तुझ्यासाठीच सांभाळत होतो.

मग राजाने एक दगडी घर बांधलं आणि त्याला नाव दिलं राखणघर. पोरक्या लेकरांच्या वस्तू तिथे ठेवायच्या. वारस दूर देशी असेल त्याच्या वस्तू तिथे ठेवायच्या. मागेपुढे कुणीच नाही, त्याच्याही वस्तू तिथेच ठेवायच्या. मूल जाणतं झालं की ज्याचं त्याच्या हातात.

जाणतं झालं हे कसं ओळखायचं? नदीवरून भरलेली घागर डोईवर घ्यायची आणि न सांडता राखणघराच्या उंबऱ्यापर्यंत आणायची. मुलगा असो की मुलगी, दोघांना एकच घागर.

आणि या घराच्या किल्ल्या होत्या राखणबाईच्या कमरेला.

राखणबाई म्हणजे काळीसावळी, आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. दाताला सदा मिशेरी लावलेली. तिला गोड बोलता येत नव्हतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. एकदा राणीचा भाऊ लग्नाच्या स्वयंपाकासाठी राखणघरातला मोठा हंडा मागायला आला. म्हणाला, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, आणि त्याचा मालक मरून जमाना झाला. राखणबाई म्हणाली, "त्याचा पुतण्या समुद्रापार गेलाय. तो आला की त्याला विचारते." राणीचा भाऊ हसून म्हणाला, तो यायचा कधी? राखणबाई म्हणाली, "मग लग्न थांबवा."

लग्न थांबलं नाही. हंडाही हलला नाही.

त्या राज्यात आणखी एक रीत होती, आणि ती फार सुंदर होती. पाऊस सरून आश्विनाचं कडक ऊन पडलं, की एक दिवस राखणघर पूर्ण रिकामं करायचं. प्रत्येकाच्या वस्तू अंगणात वेगवेगळ्या चटईवर मांडायच्या. दोन चटयांमध्ये माणूस चालेल एवढी वाट सोडायची, म्हणजे एकाची वाटी चुकूनही दुसऱ्याच्या ताटाला लागायची नाही. कपड्यांना ऊन मिळायचं, कापड खाणारी कसर मरायची, आणि ज्याचं जे ते जागच्या जागी आहे हे साऱ्या गावाला दिसायचं. या दिवसाला मांडणीचा दिवस म्हणत.

त्या दिवशी पोरकी लेकरं आपापल्या चटईवर येऊन बसत. वर्षातून तेवढाच एक दिवस त्यांना वस्तूंना हात लावता येई. कुणी बापाचं पागोटं डोक्यावर घालून फिरे. कुणी आईच्या परातीत बसून राही. राखणबाई मधल्या वाटांवरून ओरडत हिंडे. परातीत बसू नकोस, पागोटं मातीत लोळवू नकोस. पण कुणाला उठवत नसे. आणि जाता जाता एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, तोही रागावूनच.

या लेकरांत एक होती गोजरी.

गोजरी चालायला लागली तेव्हा बाप गेला आणि नीट बोलायला लागली तेव्हा आई गेली. चुलतीने तिला आपल्या घरी नेलं. गोजरीच्या चटईवर चार पितळी भांडी असत, एक विळी असे, आणि एक गोधडी. आईच्या हिरव्या लुगड्याची, बापाच्या धोतराची, मधे गोजरीच्या झबल्याचा एक चौकोन लावलेली. त्या गावात गोधडी एकटीने शिवत नसत. घरच्या आणि शेजारच्या बाया बसत, एकेक कोपरा एकेकीचा. या गोधडीचा एक कोपरा गोजरीच्या चुलतीने शिवला होता.

मांडणीच्या दिवशी गोजरी भांड्यांकडे बघत नसे. ती गोधडीत शिरे आणि नाक खुपसून पडे. आत आईचा वास होता.

पहिल्या वर्षी ती दिवसभर तशीच पडली. दुसऱ्या वर्षी दुपारी उठून बसली आणि चटईकडे बघत राहिली. तिसऱ्या वर्षी मांडणीच्या आदल्या दिवशी ती राखणघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, उद्या माझी गोधडी उन्हात घालू नकोस."

"का गं? ऊन काय तिला चावतंय?"

"ऊन आईला खातं," गोजरी म्हणाली. "पहिल्या वर्षी सगळीकडे होती. आता फक्त हिरव्या तुकड्यात उरलीय."

राखणबाईने तिला हाकललं. रीत म्हणजे रीत, उन्हात नाही घातली तर कसर लागेल, जा घरी, काकी वाट बघत असेल. पोरगी गेली. रडली नाही, हट्ट केला नाही. तिने हट्ट केला असता तर बरं झालं असतं. राखणबाईला हट्टाशी भांडता येत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती एकेकाचं गाठोडं बाहेर काढायला लागली. गोजरीच्या गाठोड्याशी तिचा हात थांबला. तिने गोधडी नाकाशी नेली. तिला कुठला वास आला नाही. तो फक्त गोजरीलाच येत होता. तरी तिला वाटलं, एवढंसं पोर, एवढंच मागणं. एका वर्षाने काय होतंय? आणि तिने गोधडी घडी घालून आतल्या रिकाम्या पेटाऱ्याच्या तळाशी ठेवली.

पण चटईवर जागा रिकामी दिसली असती. गावाने विचारलं असतं, गोधडी कुठे? मग सांगावं लागलं असतं, की राणीच्या भावाला नाही म्हणणाऱ्या बाईने एका पोरीसाठी रीत मोडली. तेवढं सांगायची तिला लाज वाटली. तिने आपल्या अंथरुणातली गोधडी काढली. तीही हिरवी-पांढरीच होती. ती तिने गोजरीच्या चटईवर पसरली.

राखणघरात आजवर एक वस्तू दुसरीच्या जागी बसली नव्हती. त्या दिवशी बसली.

गावाने बघितलं आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गोजरीची चुलती त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. गोजरीला मात्र कळलं. तिने परक्या गोधडीवर हात फिरवला, वर राखणबाईकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की राखणबाई गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवायला विसरली आणि स्वतःच्या तोंडात टाकून पुढे गेली.

त्यानंतर दोघींचं एक गुपित झालं. गोजरी शेणी गोळा करायला निघाली की राखणघरावरून जाई. राखणबाई पेटाऱ्याचं झाकण बोटभर उचले. गोजरी फटीला नाक लावी. एक मोठा श्वास, की झाकण बंद. "पुरे. सगळा संपवशील," राखणबाई म्हणे. पोरगी शेण्यांची पाटी डोक्यावर घेऊन नाचत जाई, आणि राखणबाई तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत दारात उभी राही. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आपण कुणाला इतका आनंद देऊ शकतो, हे तिला या वयात कळत होतं.

पुढच्या वर्षी गोधडी बदलताना पहिल्यासारखा हात थांबला नाही. चुकीचं हेच वाईट असतं. पहिल्यांदा ती मनाला विचारते, दुसऱ्यांदा विचारत नाही.

त्या वर्षी चुलती मांडणीला आली.

चुलती काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. तिचं घर माणसांनी भरलेलं आणि भांड्यांनी रिकामं होतं. गोजरीला ती आपल्या पोरांच्या पंगतीत बसवी, त्यांच्याइतकंच वाढी आणि त्यांच्याइतकंच मारी. तिचं एकच दुखणं होतं आणि ते ती दर मांडणीला बोलून दाखवी. पोर मी पोसायची आणि भांडी तू कवटाळून बसायचीस, होय? राखणबाई म्हणे, भांडी पोरीची आहेत, तुझी नाहीत. चुलती म्हणे, पोरगी जेवते ते कशात जेवते, ओंजळीत? दोघींचं हे भांडण इतकं जुनं झालं होतं की त्याच्याशिवाय मांडणी झाल्यासारखी वाटत नसे.

त्या दिवशीही चुलती भांडायच्याच तयारीने चटईवर बसली. बसता बसता तिने गोधडीचा कोपरा सहज हातात घेतला. मग दुसरा घेतला. मग चारही कोपरे बघितले, आणि भांडणच विसरली.

"ही माझ्या जावेची गोधडी नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "तिच्या एका कोपऱ्याला माझा टाका होता. माझा टाका मी अंधारातसुद्धा ओळखेन. आमची गोधडी कुठे आहे, बाई?"

आसपासच्या चटयांवरची माणसं उठून जवळ आली. राजाचा म्हातारा कारभारी दर मांडणीला झाडाखाली येऊन बसे. तोही काठी टेकत उठला. गर्दीत कुणी म्हणालं, विकली असेल. कुणी म्हणालं, एक विकली ती आज कळली, न कळलेल्या किती असतील?

तेवढ्यात गोजरी पुढे झाली. "बाईने काही केलं नाही. मी नेली ती. नदीवर नेली आणि वाहून गेली."

राखणबाई गर्रकन तिच्याकडे वळली.

"गप बस," ती गोजरीला म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलायला शिकावंस म्हणून नाही राखलं मी तुझं काही."

ती आत गेली. पेटारा ओढत अंगणाच्या मधोमध आणला आणि झाकण वर्षभरात पहिल्यांदाच पूर्ण उघडलं. वरची घडी धड दिसत होती. तिने गोधडी दोन्ही हातांनी धरून झटकली, आणि झटकताच तिच्यातून चुरा गळला. कसरीने आतून सगळी खाल्ली होती. हिरव्या लुगड्याची जाळी झाली होती. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

गोजरी धावली आणि तिने तोंड त्या जाळीत खुपसलं. मग तिने मान वर केली. तिचं तोंड बघूनच राखणबाईला समजलं. आत ओल होती, बुरशी होती, उंदराचा वास होता. जे वाचवायला गोधडी लपवली, तेही उरलं नव्हतं. झाकणाच्या फटीतून इतके दिवस पोरगी काय हुंगत होती, कोण जाणे. कदाचित तिला आठवतच असेल.

राखणबाईने सगळं सांगितलं. एक शब्द झाकला नाही, एकही मऊ केला नाही. मग कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि कारभाऱ्याच्या पायाशी ठेवल्या.

पण तिची खरी शिक्षा वेगळीच होती. ती तिने मान वर करून बघितली. अंगणातला प्रत्येक माणूस आपापल्या चटईवर वाकला होता. हंडे उलटे करून बघत होते. लुगड्यांच्या घड्या मोडून बघत होते. पागोटंवाला मुलगा बापाचं पागोटं उलगडून त्याचं टोक तपासत होता. राखणघर बांधल्यापासून असं कुणी केलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, एक चमचाही हलला नव्हता. पण त्यांना बघावंसं वाटलं, आणि तिने ते वाटताना पाहिलं.

कारभारी गोधडीजवळ येऊन उभा राहिला. म्हातारा होता, घाईत बोलत नसे.

"बाई," तो म्हणाला, "पोरीवर माया केलीस, त्याला या राज्यात शिक्षा नाही. ती झाकलीस, त्याला आहे. हेच तू मागच्या वर्षी इथे उभं राहून सांगितलं असतंस, की पोरीला ऊन नको आहे, तर काय झालं असतं?"

उत्तर चुलतीने दिलं, आणि देताना तिचा आवाज फाटला.

"मी सांगितलं असतं, सावलीत घाल. वाऱ्यावर, झाडाखाली, कडुनिंबाचा पाला घालून. माझी जाऊ तिची चांगली लुगडी तशीच वाळवायची. कसरही लागली नसती आणि..." ती थांबली. "मला विचारायचं होतंस गं. भांडत असले तरी मी काय मेले होते?"

राखणबाईने मान खाली घातली. तिला कुणी असं कधी बघितलं नव्हतं, आणि लोकांना ते बघवेना. एकेकजण आपल्या चटईकडे वळला.

कारभाऱ्याने विचारलं, "आता किल्ल्या कुणाकडे देऊ? ज्यांच्या वस्तू आहेत त्यांनी सांगावं."

लेकरं एकमेकांकडे बघायला लागली. लेकरांना कुणाचं नाव माहीत असणार? त्यांना गुळाचा खडा माहीत. मोठ्यांनाही सुचेना. शेवटी चुलतीच उठली. किल्ल्या तिने स्वतः उचलल्या, आणि सगळ्यांना वाटलं, आता ही चार भांडी घेऊन घरी जाते.

"मला दुसरी बाई नको," ती म्हणाली. "दुसरी येईल ती गोड बोलेल आणि राणीच्या भावाला हंडा देईल. हीच राहू दे. पण यापुढे पेटारा उघडेल तेव्हा शेजारी मी उभी राहणार. आणि मी नसले तर दुसरं कुणीतरी. एकटीने झाकण उचलायचं नाही."

तिने किल्ल्या राखणबाईच्या हातात दिल्या. आपटून दिल्या, पण दिल्या.

कारभाऱ्याने ते मान्य केलं आणि वर आपली एक अट घातली. राखणाऱ्याच्या हातून जे बिघडलं, ते राखणाऱ्याने स्वतःच्या घरातून भरून द्यायचं, आणि तेही उन्हात बसून, सगळ्यांसमोर.

राखणबाईकडे एकच चांगलं लुगडं होतं, लग्नातलं, जांभळं. ती ते घेऊन आली आणि अंगणात बसून कात्रीने कापायला लागली. थोड्या वेळाने चुलती सुई घेऊन शेजारी बसली. बसल्या बसल्या म्हणाली, टाका किती लांब घालतेस, पोत्याला घालतेस का? राखणबाई म्हणाली, तुझ्या कोपऱ्याला तरी काय सोनं लावलं होतंस. गोजरी मधे बसून सुया ओवून देत होती. नाक लाल झालं होतं, पण दोघींचं ऐकून मधूनच तिला हसू येत होतं. ऊन उतरेपर्यंत गोधडी पुन्हा गोधडी झाली. हिरवं कमी, जांभळं जास्त. मधला झबल्याचा चौकोन मात्र कसरीने सोडला होता.

तेव्हापासून दर मांडणीला ती गोधडी सगळ्यात आधी बाहेर येई. राखणबाई स्वतः ती फाटकाजवळ, सावलीत, वाऱ्यावर टांगे. नवखा माणूस विचारी, हिला एवढी ठिगळं का? राखणबाई प्रत्येकाला सांगे. कितीदा सांगितलं तरी गोष्ट लहान करत नसे. आणि हळूहळू लोकांनी पुन्हा हंडे उलटे करून बघणं सोडलं.

वर्षं गेली. एका सकाळी गोजरी नदीवरून भरलेली घागर डोईवर घेऊन निघाली. सारा गाव वाटेच्या कडेला उभा होता. चुलती बरोबरीने चालत ओरडत होती, मान सरळ ठेव, पायाखाली बघ, तिकडे काय बघतेस. राखणबाई उंबऱ्यात उभी होती. मिशेरीचं बोट तसंच दातावर राहिलं होतं. गोजरीने घागर उतरवली. पाणी काठोकाठ होतं.

राखणबाईने तिची चटई अंथरली. चार भांडी मांडली, विळी मांडली, आणि गोधडी तिच्या हातात दिली. गोजरीने भांडी तिथेच काकीच्या पाटीत ठेवली. काकी पदराने एक भांडं पुसत राहिली.

मग गोजरीने गोधडी उघडली आणि लहानपणासारखं त्यात नाक खुपसलं.

"येतो का गं?" राखणबाईने विचारलं. कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती.

"नाही," गोजरी म्हणाली. "हिला आता तुझ्या मिशेरीचा वास येतो."

राखणबाईने तोंड फिरवलं. "मग धू," ती म्हणाली.

गोजरीने ती गोधडी कधी धुतली नाही. दर आश्विनात सावलीत टांगायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि संध्याकाळी अंगावर घ्यायची.

तर लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: दुसऱ्याची ठेव राखणाऱ्याने माया जरूर करावी, पण तीही चार माणसांसमोर उन्हात मांडावी.